बसायला सांगितलेली बाई

२४ एप्रिल

मला बसायला सांगितलं आहे, म्हणून मी लिहिते आहे. दुसरं काही करायची परवानगी नाही.

माझा धाकटा भाऊ एमॉस आज पहाटे होडी घेऊन बर्फाच्या कडेला गेला. तो नाखवा आहे. आमच्या तपकाकमध्ये, अलास्काच्या या किनाऱ्यावर, नाखवा देवमाशाच्या शिकारीला गेला की नाखवीण, त्याची बायको, घरी बसते. नुसती बसते. शिवायचं नाही, दोर गुंततो. सुरी धरायची नाही, दोर तुटतो. झाडलोट नाही, धावपळ नाही, कुणावर ओरडणं नाही. ती जशी असेल तसा मासा असतो. ती शांत तर तो शांत होडीजवळ येतो, ती उठून धावली तर तोही बर्फाखाली पळतो. आमच्या पणज्या हे सांगत होत्या आणि त्यांच्या पणज्याही. मी फेअरबँक्सच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकले आणि जन्मभर इथल्या शाळेत शिकवलं. कुणाच्या घरात काय चाललंय ते बघून देवमासा पोहत नाही.

पण इर्मावहिनी ऐन मोसमात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अँकरेजला लेकीकडे निघून गेली. गुडघा गेली पाच-सहा वर्षं दुखतो आहे. नेमका आत्ताच तिला दम निघेना. काल एमॉस माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, तू बस."

"बसलेच आहे."

"तसं नाही. माझ्या होडीसाठी बस."

"एमॉस, मला सभा आहेत. क्लिनिकची आहे, पाणीपुरवठ्याची आहे—"

"सभा बर्फ वितळल्यावरही होतील." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "तीन वसंत रिकामे गेले. या वर्षीही नाही आला, तर होडी उलटी घालून ठेवीन. खलाशी दुसऱ्या कुणाकडे जाऊ देत."

एमॉस वाढवून बोलणाऱ्यांतला नाही. आमच्या वडिलांची होडी आहे ती. दर दोन-तीन वर्षांनी नवी कातडी चढते, पण लाकडाचा सांगाडा त्यांचाच. म्हणून मी हो म्हटलं. विश्वास आहे म्हणून नव्हे.

"आणि डावा हातमोजा दे," तो म्हणाला. बसणाऱ्या बाईचा डावा मोजा होडीत असावा लागतो. मी कपाटातून एक जुना काढून दिला. अंगठा उसवला होता, पण चालण्यासारखा होता. त्याने उलटसुलट करून पाहिला.

"हा नको. घालतेस तो."

घालते त्याला लांडग्याच्या केसांची झालर आहे. तो लांडगा माझ्या नवऱ्याने, ऑरिनने मारलेला. दिला.

मी म्हटलं होतं, वहिनीच्या घरी जाऊन बसते, तिथे सगळं सोयीचं आहे. वहिनी फोनवर म्हणाली, "मुळीच नको. माझी कपाटं आवरून ठेवशील, मग मला जन्मभर चमचे सापडायचे नाहीत. तुझ्याच घरी बस."

माझ्या घरी मी फक्त झोपायला येते. दोन हिवाळ्यांपूर्वी ऑरिन गेला, तेव्हापासून गावात कामं फार वाढली आहेत.

२६ एप्रिल

पश्चिमेचा वारा. बर्फ किनाऱ्याला दाबून बसला आहे. पाण्याची वाट कुठेही उघडलेली नाही. शिकारी कडेला तंबू ठोकून बसले आहेत आणि मी इथे. त्यांना निदान पत्ते खेळता येतात.

रेडिओ ऐकायला परवानगी आहे. इथे घरोघरी रेडिओ आहे, होड्यांवरही तोच. कुणाला काय दिसलं, कुणाचा वाढदिवस आहे, कुणाच्या घरी भाकरी उरली आहे, सगळं सगळ्यांना ऐकू जातं. आज सकाळी कुणीतरी विचारत होतं, "बाई बसल्यात का?" कुणीतरी सांगितलं, "बसल्यात, बसल्यात. खिडकीतून दिसतायत. खुर्चीलाच भीती वाटत असेल." हे सगळे माझे विद्यार्थी. ओरडायची बंदी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मांस चिरून आणून द्यायचं काम शेजारच्या वेराकडे आहे. वेरा भली बाई आहे. तुकडे मात्र एक बोटाएवढा, एक बुटाएवढा.

टेबलावर पत्र्याची पेटी आहे, ती इथे का, ते लिहून ठेवते. मागच्या शरदात वादळाने जुन्या गावाचा काठ पुन्हा खाल्ला. हजारएक वर्षांपूर्वीचं आमचंच गाव, आता दर वर्षी एकेक घर समुद्रात जातं. त्या वेळी एमॉसच्या होडीवरच्या क्लेटनला चिखलात एक मूठ सापडली. वॉलरसच्या दाताची, बादलीला असते तशी कमानदार, दोन्ही टोकांना भोक. वरच्या बाजूला लहान लहान देवमासे कोरलेत, एकामागे एक, सगळे एकाच दिशेला निघालेले. संग्रहालयाच्या डॉ. व्हेलन बर्फ गेल्यावर न्यायला येणार आहेत. जुन्या वस्तूंच्या समितीची अध्यक्ष मी, म्हणून पेटी माझ्याकडे. करारही मीच लिहिला: मूठ हाताळू नये, ओलावा लागू देऊ नये, मूळ स्थितीत सुपूर्द करावी. करार चांगला आहे. हात धुऊन कोरडे केले आणि एकदा पाहिली. सात मासे. परत ठेवली.

३० एप्रिल

वहिनीचा फोन. आवाज खणखणीत. मागे कुणीतरी बिंगोचे आकडे पुकारत होतं. म्हटलं, दवाखान्यात बिंगो? म्हणाली, "अगं, रोग्यांना करमावं म्हणून." ऑपरेशन कधी ते डॉक्टर अजून सांगत नाहीत म्हणे. शहरातल्या डॉक्टरांना माणसाच्या वेळेची किंमत नसते. मग विचारलं, "घरी कसं वाटतंय?" म्हटलं, घर घरासारखंच आहे. "हं," म्हणाली. "बस अजून."

दुपारी आना मेबल आली. आना म्हणजे आजी. गावातली सगळ्यात म्हातारी, स्वतः पूर्वी नाखवीण होती. मला तिच्या थोरल्या भावाचं नाव ठेवलं आहे, सिग्वान, तेव्हा त्या नावाबरोबर तोही माझ्यात आला. म्हणून ती मला दादा म्हणते. शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोरही म्हणायची. साहेब दचकला, पोरं हसली नाहीत. अर्ध्या वर्गात कुणा ना कुणाचा आजा बसलेला होता.

"दादा, बसलास का?"

"बसले आहे, आना. बघतेस ना."

तिने चहा घेतला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझा पाय हलत होता तो मी थांबवला.

"नाही बसलास," ती म्हणाली. "फक्त उठला नाहीस."

"लिहायला चालतं का?" मी विचारलं. "पेन म्हणजे काही सुरी नव्हे."

"तू लिहिताना पाहिलंय मी. लिही, पण मासा घाबरेल असं लिहू नकोस."

जाताना ओसरीत थांबली. आमच्याकडे बाहेरच्या दाराच्या आणि घराच्या मध्ये थंड ओसरी असते, तिथे ऑरिनचे बूट उभे आहेत. सीलच्या कातड्याचे, माझ्या हातचे. महिन्याला एकदा मी त्यांना चरबी लावते. कातडं वाळून तडकू नये म्हणून. त्यात दुसरं काही नाही. आनाने एका बुटाला काठीने हळूच शिवून पाहिलं आणि गेली.

३ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

रात्रीतून वारा फिरला. सकाळी रेडिओवर पुकारा झाला की वाट उघडली, काळं पाणी दिसतंय, श्वासाचे फवारे दिसतायत. सगळ्या होड्या पाण्याशी गेल्या. मी बसले. मग वेराचा मुलगा दारात कॅरिबू हरणाची अख्खी मांडी टाकून गेला. न चिरलेली, दगडासारखी गोठलेली. वेरा दुपारी येऊन चिरणार होती.

मांडी टेबलावर होती आणि मी तिच्याकडे बघत होते. मांस सुटायला लागलं. रक्त टेबलाच्या कडेपर्यंत आलं. हे कुठल्या पणजीला चाललं असतं?

उठले. पेटी बाजूला सरकवली, उलू घेतली, आमची बायकांची अर्धगोल सुरी, आणि पाऊण तासात सबंध मांडी नीट चिरून, पुड्या बांधून ठेवली. टेबल पुसलं. उठलेच होते म्हणून जमीनही पुसली. दहा दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

इतक्यात वेरा पळत आत आली. डोक्यावर टोपी नाही. "बाई, पेटी! पेटी उचला!"

पेटी मी रेडिओच्या माइकवर सरकवली होती. माइकचं बोलायचं बटण पत्र्याखाली दाबलं गेलं होतं. पाऊण तास सबंध गावात आणि प्रत्येक होडीवर फक्त माझं स्वयंपाकघर ऐकू येत होतं. दुसरं कुणीच बोलू शकत नव्हतं.

वेराने पेटी उचलली. रेडिओ आधी गप्प होता. मग एमॉसचा आवाज आला, अगदी हळू. "गेला. दोर तुटला."

क्लेटनचा भाला बसला होता. बर्फाच्या उंचवट्यापलीकडे दुसऱ्या दोन होड्या होत्या, त्यांना मदतीला बोलवायचं होतं. मध्ये मी. त्यांनी रेडिओ दुसऱ्या चॅनेलवर लावला, पण पलीकडच्यांना ते कळायला वेळ गेला. तोवर मासा बर्फाखाली वळला.

जखमी मासा गेला. मासा सुटला तरी वार मोजला जातो, आणि या मोसमात गावाला ठरवून दिलेल्या वारांपैकी आता एकच उरला आहे.

मांस चिरताना मी मोठ्याने बोलते, ऑरिन समोर बसायचा तेव्हापासूनची ही सवय. काय बोलले ते आठवत नाही. वेराला विचारलं, काय काय ऐकू आलं?

"सुरीचाच आवाज होता, बाई," ती म्हणाली आणि चुलीकडे बघत राहिली. मग डोळे पुसले, थंडीने पाणी आलं म्हणाली. चूल तर चांगली पेटलेली होती.

४ मे

एमॉस घरी आला. त्याला कपडे वाळवायचे होते. मागोमाग आना मेबल, तिला कुणी बोलावलं नव्हतं.

मी उभी राहिले नाही. खुर्चीतूनच सांगितलं, "चूक माझी. माइक दाबला गेला, तुम्हाला मदत मिळाली नाही, मासा गेला. सुरीचा काही संबंध नाही. हे दोन मुद्दे वेगळे आहेत."

"दोर बर्फाच्या धारेला घासला आणि तुटला, ताई," एमॉस म्हणाला. "एवढंच."

"तेच म्हणते आहे."

आनाने मोज्यातून हात बाहेर काढले. "दादा, उठलास का?"

"उठले."

"सुरी घेतलीस?"

"घेतली, पण—"

"दोर तुटला?"

"आना, मध्ये माइक होता. माइक नसता तर मी शंभर मांड्या चिरल्या असत्या तरी—"

"मध्ये काहीतरी असायचंच," ती म्हणाली. "आमच्या वेळी दुसरं काही असायचं. तुझ्या वेळी ते यंत्र आहे. उठू नकोस म्हणतात ते उगीच नाही. कुठून काय दाबलं जाईल ते कुणाला कळतं?"

  दोन्ही स्पष्टीकरणं वेगळी आहेत, निष्कर्ष मात्र एकच निघतो, हे मला गैरसोयीचं आहे.

मी एमॉसला म्हटलं, "वेराला बसव. ती तशीही बसलेलीच असते."

त्याने अंगरख्याच्या आतून माझा डावा मोजा काढला, मला दाखवला आणि परत आत ठेवला. "मोजा तुझा आहे," म्हणाला. वाळलेले कपडे घातले आणि गेला. एक शब्द रागाने बोलला नाही. बोलला असता तर सोपं गेलं असतं.

५ मे

आज तीन घरांतून आगुतुक आलं. चरबी घुसळून बेरी घातलेलं, पिवळ्या बेरींचं. मी गोड खात नाही, सबंध गावाला ठाऊक आहे. ऑरिन खायचा, वाटी चाटून पुसून. पुन्हा तिघींनीही पिवळ्याच बेरींचं का करावं? त्याला त्याच आवडायच्या. योगायोग असेल. ठेवून वाया जाईल म्हणून एक वाटी खाल्ली.

संध्याकाळी क्लेटन आला. तो पस्तिशीचा, एमॉसच्या होडीवर भाला त्याच्याच हातात असतो. शाळेत असताना अपूर्णांकांना घाबरायचा. दारातच टोपी चुरगळत उभा.

"बाई, एक मागायचं होतं. ऑरिनकाकांचे बूट नुसते उभेच आहेत ना?"

"मग?"

"माझे फुटलेत."

मी त्याच्या पायाकडे पाहिलं. "तुझे बूट मला धडधाकट दिसतात."

"आतून फुटलेत, बाई."

"आतून म्हणजे कुठे?"

"म्हणजे... पाणी येतं. बाहेरून कळत नाही." घाम आला होता त्याला. "बर्फावर चालायला हवेत हो ते. नुसते उभे राहून बूट कंटाळतो."

बुटांबद्दल अशा गोष्टी कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे. पण पाय ओले घेऊन भाला मारायचा म्हणजे धोका आहे. दिले. घालून बघ म्हटलं. अगदी बरोबर बसले. ऑरिनचे पाय एवढे मोठे होते हे मी विसरले होते.

ओसरी मोठी दिसते आहे.

७ मे

वारा नाही. वाट उघडी आहे. मासे लांबून जातायत.

आज बसले. पाय हलला नाही. कधी हलायचा थांबला ते कळलंही नाही.

पांढरे पक्षी आलेत, दोन दिसले, धुराड्याजवळ. दर वसंतात हेच पहिले येतात. ऑरिन खिडकीवर टकटक करून मला दाखवायचा आणि मी म्हणायची, दिसले, दिसले, वह्या तपासायच्या आहेत. आज तासभर पाहिले. ते फार भांडकुदळ आहेत. ऑरिनचा पेला वरच्या फळीवर आहे. तिथे सकाळी ऊन येतं. हे मला माहीत नव्हतं. सकाळी मी घरी नसते.

मूठ काढली. हाताळू नये असं मीच लिहिलं आहे. डाव्या हातात धरली. आतल्या बाजूला उथळ खळगे आहेत. कोरलेले नाहीत, झिजलेले आहेत. माझी बोटं त्यांत बसली. चार बोटांना चार.

म्हणजे ही नुसती ठेवायला केलेली नव्हती. कुणी बाई ही मूठ धरून वर्षानुवर्षं पाणी नेत होती. देवमासा खाऱ्या पाण्यात राहतो, त्याला गोड्या पाण्याची तहान असते, म्हणून तो आला की पहिल्यांदा त्याला गोडं पाणी द्यायचं. मग त्याचा आत्मा घरी जाऊन दुसऱ्यांना सांगतो की अमक्या गावात नीट वागवतात. पाणी नेणारी तीच, जी बसलेली होती.

तिचा विचार करत राहिले. तिलाही कुणा भावाने सांगितलं असेल, बस. जमिनीखालचं मातीचं घर, चरबीचा दिवा, समोर न चिरलेली मांडी. ती शांत स्वभावाची असेल असं आपण धरून चालतो. कशावरून? ज्या बायका आपोआप बसतात त्यांच्यासाठी नियम करावा लागत नाही. तो माझ्यासारखीसाठीच केलेला असणार.

हे लिहिताना हसू आलं. एकटी असताना मी हसत नाही सहसा.

८ मे

बसले.

११ मे

आला.

दुपार होती. मी खुर्चीत होते, हात मांडीवर. माइक खुंटीला टांगलेला. रेडिओवर बराच वेळ काही नव्हतं, नुसती खरखर. मग कुणाचा तरी श्वास. मग क्लेटन, शाळेत नाव पुकारल्यावर म्हणायचा तसा, "हजर आहे, हजर आहे, वर आलाय!" काय बोलतोय ते त्याचं त्यालाही कळत नसावं. मग एकदम सगळ्या होड्या बोलायला लागल्या. मग सगळे थांबले आणि एमॉसने प्रार्थना म्हटली. मध्येच त्याचा आवाज गेला. कुणीतरी पुढची ओळ उचलली, मग सबंध गाव रेडिओवर ती म्हणत होतं.

बोलावणं येईपर्यंत मी उठले नाही. मासा आलेला होता तरीही नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

वेरा बर्फगाडी घेऊन आली. "बाई, चला! पाणी!"

पाणी तळ्याच्या बर्फाचं, वितळवून तयार होतं. बादली वहिनीची, थंड ओसरीत ठेवलेली, पत्र्याची, तारेच्या मुठीची. भरली, उचलली, आणि तार हाताला चिकटली. डावा मोजा होडीत होता ना. उघड्या हाताला या थंडीत लोखंड चावतं.

मग मी पेटी उघडली.

करार मला पाठ आहे. तरी मूठ काढली, स्नायूच्या दोऱ्याने दोन्ही भोकांतून बादलीला बांधली, तार काढून टाकली. दात थंडीत चावत नाही. ज्या बाईने आपला डावा मोजा होडीत दिलाय, तिला अशीच मूठ लागणार. संग्रहालयाला हे ठाऊक नसावं, कारण त्यांच्या दोन्ही हातांत मोजे असतात.

"बाई, ही तर—" वेरा म्हणाली.

"गाडी चालव."

वाटभर मी मागच्या घसरगाडीत बादली धरून बसले. हललं की पाणी सांडतं. तिथेही बसायचंच काम.

कडेला अख्खं गाव जमलं होतं. दोर धरायला पोरंसोरं, दवाखान्याची नर्ससुद्धा. मासा बर्फावर ओढून घेतला होता, काळा, चकचकीत, हनुवटी पांढरी. सगळे बाजूला झाले. मी त्याच्या तोंडाशी गेले आणि पाणी ओतलं.

काय बोलायचं ते वहिनीला विचारायचं राहून गेलं होतं. म्हटलं, "पी. लांबून आलास."

दुसरं सुचलं नाही. पाणी त्याच्या ओठांवरून गेलं, थोडं लगेच गोठलं. तो तहानलेला होता असं मला वाटलं. असं वाटण्याला आधार नाही.

आना मेबल गाडीवर कातड्यांत गुंडाळून बसली होती. तिचं लक्ष माझ्या हातातल्या मुठीकडे गेलं. बराच वेळ बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "वहिनीची बादली आणलीस?"

"तिचीच," मी म्हटलं.

"तुझी बायको कडक होती हो," आना म्हणाली. "पण बसायची चांगली." मी इर्माचं बोलत होते, ती तिच्या वहिनीचं, त्या पहिल्या सिग्वानच्या बायकोचं.

एमॉस आला. अंगरख्यातून मोजा काढला आणि लहान मुलाला घालावा तसा माझ्या डाव्या हातात चढवला.  त्याची दाढी गोठलेली होती आणि गाल ओले होते. क्लेटन मागे उभा होता, ऑरिनच्या बुटांत.

"पाणी येतं का आत?" मी विचारलं.

"थेंब नाही, बाई," तो म्हणाला.

१३ मे

वाटण्या झाल्या. प्रत्येक घराला, प्रत्येक होडीला, म्हाताऱ्यांना आधी. मी उलू घेऊन उभी होते आणि आता कुणाची बंदी नव्हती. माझे तुकडे सारखे निघतात हे सगळ्यांनी कबूल केलं. बुधवारची पाणीपुरवठ्याची सभा कुणाच्याच लक्षात राहिली नाही. माझ्याही नाही.

शेवटी डोकं परत समुद्रात ढकललं. डोक्यात त्याचा आत्मा असतो. ते पाण्यात गेलं की त्याला नव्या शरीराचा अंगरखा मिळतो आणि तो पुन्हा येतो. सगळे ओरडले, "परत ये!" मीही ओरडले. आज ओरडायला परवानगी होती आणि माझ्याइतकं मोठ्याने कुणी ओरडलं नाही.

मूठ सोडवली, पुसली, कोरडी केली, पेटीत ठेवली.

१८ मे

वहिनी परतली. विमानाच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरली. काठी नाही, पट्टी नाही. म्हटलं, ऑपरेशन?

"पुढे ढकललं. डॉक्टर म्हणाले, इतकी घाई नाही."

"मग ऐन मोसमात बोलावलं कशाला? त्यांना पत्र लिहिते मी. नाव सांग त्यांचं."

"आता नाव कुठे आठवतंय!" ती म्हणाली आणि एमॉसकडे बघितलं. एमॉस सामान मोजायला लागला. एकच पिशवी होती.

माझ्या घरी चहाला आली. ओसरीतल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग फळीवरून पेला खाली आलेला पाहिला. मी आता त्यातूनच चहा घेते. मोठा आहे, पुन्हा पुन्हा भरावा लागत नाही.

"बसलीस ना?" तिने विचारलं.

"बसले."

"मग झालं," ती म्हणाली. एवढ्या लांब जाऊन गुडघा तसाच घेऊन आली आणि तोंडावर समाधान असं, जणू मोठं काम उरकलं.

२ जून

धावपट्टी वाळली. डॉ. व्हेलन आल्या. चाळिशीची, नीटनेटकी बाई. नखं स्वच्छ. भिंग लावून मूठ पाहिली आणि मान वर केली.

"या भोकांत ताज्या खुणा आहेत."

खोटं बोलायचा मला सराव नाही. सगळं सांगितलं. मोजा, तार, पाणी. करार मोडला हेही, आणि दोष समितीचा नव्हे, माझा, हेही. म्हटलं, नियमाप्रमाणे जी तक्रार करायची ती करा.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग विचारलं, "भरल्यावर जड होती?"

"होती. पण हाताला कापत नव्हती. खळग्यांत बोटं बसतात, पकड सुटत नाही."

"कुठली बोटं?" त्यांनी वही काढली. मी दाखवलं. त्यांनीही धरून पाहिली, मोजा काढून. त्यांची बोटं लांब आहेत, बसली नाहीत. मला त्याचं बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

पावतीवर एक रकाना होता, वस्तूचा वापर कधीपर्यंत होता. त्यांनी आधीच लिहून आणलं होतं: अंदाजे हजार वर्षांपूर्वीपर्यंत. मी ते खोडलं आणि लिहिलं: ११ मे, या वर्षी. त्यांनी वाचलं आणि खाली सही केली.

दिलं ते असं. डॉ. व्हेलन यांना: वॉलरसच्या दाताची मूठ, एक, वर देवमासे सात, कोरडी, वापरातली. उसनी. एप्रिल लागायच्या आत परत, माझ्या घरच्या पत्त्यावर. क्लेटनला: बूट, एक जोड. सोबत चरबीचा डबा, महिन्याला एकदा लावायची ताकीद देऊन. इर्मावहिनीला: पत्र्याची बादली, तारेची मूठ पुन्हा बसवून. तिने ती संध्याकाळी माझ्याच ओसरीत आणून ठेवली, बूट होते त्या जागी, आणि विचारलं तर म्हणाली, माझ्याकडे जागा नाही. एमॉसला: काही नाही. डावा मोजा आत्तापासूनच मागत होता. म्हटलं, आत्ता मला लागतो. एप्रिलमध्ये घरी ये, मी बसलेली असेन.